चोराने नापसंत केलेला टेप

चोरी झाली याचं धाकट्या जावयांना फारसं काही वाटलं नाही. चोरी थोरल्या जावयांकडे झाली आणि आपल्याकडे झाली नाही, याचं मात्र फार वाटलं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो; नंतर कुणी म्हणायला नको की माणूस मुळात वाईट होता.

माणूस मुळात वजनमापे खात्यातला निरीक्षक होता. दुकानदुकानांतून जायचं, तराजू तपासायचे, पितळी वजनं लावून बघायची आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कामात नाव ठेवायला जागा नाही. पण दिवसभर काट्याकडे बघून बघून डोळ्यांना खोड लागली होती. घरी आलं की एका पारड्यात थोरले जावई आणि दुसऱ्यात स्वतः, असं वजन आपोआप सुरू व्हायचं आणि काटा नेहमी तिकडेच झुकायचा.

याला कारण सासरे. हयात असताना त्यांनी दोन्ही मुलींना एकाच इमारतीत घरं घेऊन दिली, मुली जवळजवळ राहतील म्हणून. मुली राहिल्या हो, पण जावयांचं काय होईल याचा विचार त्या भल्या माणसाने केला नव्हता. थोरले चौथ्या मजल्यावर, धाकटे पहिल्या. थोरल्यांचं फर्निचरचं मोठं दुकान, डोक्यावर भरगच्च केस, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गोड गळा. खाली दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी. थोरल्यांची गाडी दर तीन वर्षांनी बदलायची. धाकट्यांची गाडी लग्नापासून तीच होती आणि तीच राहणार होती.

फाटकावरच्या वॉचमनकाकांनासुद्धा हा फरक कळत होता, असं धाकट्यांचं ठाम मत. थोरल्यांची गाडी आली की काका स्टुलावरून उठून, टाचा जुळवून सलाम ठोकायचे. धाकट्यांची आली की बसल्या बसल्या हात कपाळाकडे. हे काही मनाचे खेळ नव्हते. सलग दोन आठवडे नजर ठेवून त्यांनी खात्री करून घेतली होती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, सलाम करतात ना? मग झालं तर." हिला काय कळणार!

तर शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला धाकटे साखर आणायला पिशवी घेऊन खाली उतरले. बघतात तो गाडीचं दार नुसतं टेकवलेलं. आत डोकावले आणि जागच्या जागी थिजले. गाडीतला टेप ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलेला होता. टाकलेला नव्हे, ठेवलेला. वायरी त्याच्याभोवती नीट गुंडाळलेल्या, आणि चार स्क्रू हरवू नयेत म्हणून बाजूच्या खळगीत एकत्र करून ठेवलेले.

म्हणजे चोर आला होता. त्याने दार उघडलं, मेहनत करून टेप बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवून दिला. अहो, चोर तो! मिळेल ते उचलावं आणि सुटावं. पण नाही, त्यालाही आवडनिवड. खात्यात एवढी वर्षं इतरांचा माल नापास करण्यात घालवली, आणि आज एका भुरट्याने आपला माल नापास केला! धाकट्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात जिन्यावर माणसांचे आवाज आले. कुणी बघायच्या आत त्यांनी टेप पिशवीत कोंबला आणि दार लावून टाकलं. इथवर नुसती लाज होती. यात पाप काही नव्हतं.

आवाज थोरल्यांचा होता. "गेलं! सगळं गेलं!" त्यांच्या गाडीतला हातभर रुंद स्क्रीन गेला होता, डिकीतला ॲम्प्लिफायर गेला होता. चारही दारांचे पत्रे उचकून स्पीकर नेले होते, आणि काचेजवळचे सुपारीएवढे दोन छोटे स्पीकरसुद्धा त्या चोराने आठवणीने काढून नेले होते. धाकट्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की, मेल्याने यांच्याकडे किती वेळ दिला बघा!

पाच मिनिटांत अर्धी इमारत जमली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते आल्यावर गर्दीला वर्गाची शिस्त आली. कुणी थोरल्यांना खुर्ची दिली, कुणी चहा आणला. थोरल्यांची बायको, म्हणजे ताई, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई, ज्यांनी धाकट्यांना आजवर कधी "कसे आहात" एवढंही विचारलं नव्हतं, त्या थोरल्यांना म्हणत होत्या, "तुमच्यासारख्या गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं व्हावं!" धाकटे पिशवी धरून खांबाजवळ उभे होते आणि चहाचा कप कुणाकडे जातोय ते बघत होते. चोरी व्हावी तर अशी व्हावी.

आणि सेक्रेटरींनी मान वळवून विचारलं, "तुमची गाडी तर शेजारीच. तुमचं काय?"

सगळ्या माना वळल्या. एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघतायत असं धाकट्यांच्या आयुष्यात स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. आता म्हणायचं काय? चोराला आवडला नाही, असं?

"माझाही गेला," धाकटे म्हणाले.

"अरेरे!" असा एक बरा मोठा उद्गार निघाला. तो त्यांनी कान भरून ऐकला. पण पुढच्याच क्षणी सेक्रेटरी थोरल्यांच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "चला, तुम्हाला निदान सोबत तरी झाली." सगळे परत तिकडे वळले आणि चहाचा दुसरा कपही तिकडेच गेला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, जरा छाती काढूनच, "आपलाही टेप गेला."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, तो डबा कुणी नेला? पण ती हातातलं काम सोडून उभी राहिली. "आणि आतली कॅसेट?"

"ती अडकलेली. टेपाबरोबर तीही गेली."

बायको पदराने डोळे पुसत आत गेली. आणि धाकट्यांच्या मनात जी आग भडकली तिच्यापुढे मघाची काहीच नव्हती.

कारण त्या कॅसेटवर थोरल्यांचं गाणं होतं. लग्न ठरल्यावर दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जमली तेव्हा थोरल्यांनी गाणं म्हटलं होतं आणि सगळे, अगदी धाकट्यांची आईसुद्धा, माना डोलवत बसले होते. वास्तविक कौतुक कुणाचं व्हायचं? पण नवरदेव कुठे होता? नवरदेव टेपरेकॉर्डर धरून बसला होता. टेबल डुगडुगत होतं म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात यंत्र दिलं आणि नवरदेव सात मिनिटं थोरल्यांचा आवाज टिपत बसला. नंतर बायकोने ती कॅसेट गाडीत लावली आणि ती तिथेच अडकली ती बारा वर्षं निघालीच नाही. टेप लावला की कॅसेटच सुरू व्हायची, रेडिओ म्हणून लागायचा नाही. धाकट्यांनी टेप लावणंच सोडलं. वर्षातून एखाद्या वेळी बायको हौसेने कॅसेट मागे फिरवून सुरुवातीपासून लावायची, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत धाकट्यांचा हात बटणावर गेलेला असायचा. दर वेळी ती म्हणायची, "अहो, पूर्ण ऐका तरी!" बारा वर्षं! परपुरुषाचं गाणं पूर्ण ऐका म्हणे!

आता तिच्या डोळ्यांत त्या गाण्यासाठी पाणी? ठीक आहे. मग टेप सापडणारच नाही, असं धाकट्यांनी ठरवलं. त्यांनी तो आपल्या सरकारी पेटीत, पितळी वजनांच्या खालच्या कप्प्यात दडवला. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे, कारण ती सरकारची होती आणि उचलतही नसे.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांनी थोरल्यांचं पाऊण तास सांत्वन केलं होतं, असं ताईकडून कळलंच होतं. धाकट्यांना म्हणाल्या, "थोरल्यांकडे लक्ष ठेवा हो. त्यांना गाण्याशिवाय गाडीत करमत नाही. तुमचं काय, तुम्हाला सवय आहे."

रविवारी थोरले त्यांना पोलीस चौकीत घेऊन गेले. दोघांची एकच तक्रार देऊ म्हणाले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. हवालदार जाडजूड, पण रसिक निघाला. थोरले सांगत गेले आणि तो लिहिता लिहिता "वा!", "एवढा मोठा?" अशी दाद देत गेला. मग पेन धाकट्यांकडे वळलं.

"तुमचं यंत्र कसलं?"

"टेप होता. गाडीबरोबर आलेला."

"खास काही?"

"त्यात घड्याळ होतं," धाकटे म्हणाले आणि खरं बोलायची सवय आडवी आली, "चार मिनिटं मागे."

"तुम्ही वजनमापे खात्यात ना?" हवालदाराने चष्म्यावरून बघितलं. "बरं, ओळखीची खूण?"

"आत कॅसेट अडकलेली आहे. गाण्याची."

"कुणाच्या गाण्याची?"

धाकटे गप्प राहिले, पण थोरले कशाला राहतात? "माझ्या," ते विनयाने म्हणाले. झालं! हवालदाराने पेन खाली ठेवलं. खूण पटवायची तर गाणं कसं आहे ते कळायला नको का? आतल्या खोलीतून आणखी दोघे शिपाई आले, पासपोर्टच्या कामाला आलेलं एक जोडपं पुढच्या बाकावर सरकलं, आणि थोरल्यांनी डोळे मिटून, चौकीच्या टेबलावर बोटांनी ठेका धरत, दोन कडवी म्हटली. धाकट्यांच्या तक्रारीवर थोरल्यांची मैफल! बाकावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेवटी सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा त्यावर थोरल्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, हुद्दा असं सगळं होतं. खाली लिहिलेलं होतं, "व इतर एक".

म्हणजे चोरी खोटी सांगूनसुद्धा दुसरा नंबर.

मंगळवारी कामावर एक प्रकार झाला. एका किराणा दुकानात तराजू तपासायला म्हणून धाकट्यांनी पेटी उघडली. आत टेप आहे हे रागाच्या भरात विसरलेच होते. वजनांबरोबर लाल, पिवळ्या, निळ्या वायरींचा झुपका बाहेर आला. दुकानदार दोन पावलं मागे सरला.

"साहेब, हे नवीन मशीन आलं का?"

धाकट्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. काय देणार? त्यांच्या त्या गंभीर गप्पपणाचा दुकानदाराने भलताच अर्थ घेतला. तो कपाळावरचा घाम पुसत वाकला, तराजूच्या पारड्याखाली हात घालून बोटाएवढं लोहचुंबक काढलं आणि गल्ल्यावर ठेवलं. "आठ महिने झाले साहेब. रोज वाटायचं, काढून टाकू. आज सुटलो बघा." आणि खरंच, दंडाचा कागद हातात घेतानासुद्धा त्या माणसाचा चेहरा हलका दिसत होता. धाकट्यांना त्याचाही हेवा वाटला.

बुधवारी जिन्याखाली सेक्रेटरींची सूचना लागली. रविवारी सकाळी सभा, विषय वॉचमन. धाकट्यांनी त्यांना गाठून विचारलं तर सेक्रेटरी शिकवायच्या सुरात म्हणाले, "हे बघा, एका पाळीत एक चोरी झाली तर मी म्हणेन, म्हाताऱ्याचा डोळा लागला. समज देऊन सोडला असता. पण एकाच दुपारी शेजारच्या दोन गाड्या? याचा अर्थ त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली. सोमवारपासून नवा माणूस."

एक आणि दोन. दोनातला दुसरा कोण ते धाकट्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनाची समजूत घालून पाहिली की, म्हाताऱ्याने बसून सलाम केले त्याची ही शिक्षा. पण समजूत काही पटेना. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायकोही गप्प गप्प होती, तिला कॅसेटचं दुःख. एकाच टेबलाशी दोघं दोन दुःखं घेऊन जेवत होते.

रविवारी सभेआधी ते उगाचच फाटकाकडे गेले. वॉचमनकाका केबिनमधलं सामान आवरत होते. सामान म्हणजे एक डबा, एक छत्री आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली.

"साहेब, एक विचारू?" काका म्हणाले. "त्या शनिवारी साखर मिळाली का?"

"कुठली साखर?"

"पिशवी घेऊन निघाला होता ना. पण फाटकापर्यंत आलाच नाहीत, परत वर गेलात. पिशवीतून वायर लोंबत होती. म्हटलं, साखरेला वायर कशाला?"

धाकट्यांनी आधी मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "काका! मग तुम्ही बोलला का नाहीत? नोकरी चाललीय तुमची!"

"वस्तू तुमची, पिशवी तुमची. तुम्ही चारचौघांत गेला म्हणालात. मी कसा तुम्हाला खोटं पाडू?"

"माझ्यासाठी? मला तर तुम्ही कधी उठून सलामही केला नाहीत!" एवढ्या दिवसांचं साठलेलं भलत्याच वेळी तोंडातून गेलं.

काका कसनुसं हसले. "अहो साहेब, गुडघे गेले माझे. उठायला वेळ लागतो. थोरले साहेब कोपऱ्यावरूनच ढणाढणा गाणं लावत येतात, मला आधी कळतं, मी उठून तयार असतो. तुमची गाडी आवाजच करत नाही. बघावं तर आत! मग उठेपर्यंत तुम्ही गेलेले असता. पोचतो तेवढा हात पोचवतो."

सभा गाड्यांच्या मधल्या जागेत भरली होती. सेक्रेटरी उभे राहून बोलू लागले, "एकाच पाळीत दोन चोऱ्या..."

"एक," धाकटे म्हणाले.

"काय?"

धाकटे उठले. समोर थोरले, वकीलबाई, ताई. पहिल्या रांगेत बायको. सगळ्या माना पुन्हा त्यांच्याकडे वळलेल्या. "चोरी एकच झाली. माझा टेप चोराने काढला, बघितला आणि परत ठेवला. मीच घरी नेऊन लपवला. यांचं एवढं गेलं, आणि माझं... माझं त्याला आवडलंसुद्धा नाही. ते मला सहन झालं नाही. काकांचा काही दोष नाही."

 आधी थोरले हसले, पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत. मग सगळी इमारत हसली. सेक्रेटरींनी हसू दाबत जाहीर केलं की चोरी एक, म्हणून वॉचमनला फक्त समज. ते "बसा" म्हणाले आणि धाकटे शिक्षा झालेल्या पोरासारखे बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण चार दिवसांत प्रथमच त्यांना भूक लागली होती.

एक बायको तेवढी हसली नव्हती. "कॅसेट?" तिने विचारलं.

"आतच आहे."

"मग आधी जोडा."

दुपारी त्यांनी टेप जोडला. तेच चार स्क्रू. संध्याकाळी चौकीत तक्रार सुधारून द्यायला जायचं होतं. थोरल्यांच्या गाडीच्या दारांचे पत्रे अजून बसवायचे होते, म्हणून थोरले आणि ताई मागे बसले. बायको पुढे. ती कुणाला न विचारता कॅसेट मागे फिरवून बसलीच होती.

गाणं सुरू झालं. थोरल्यांनी मागे मान टेकली आणि स्वतःलाच दाद देऊ लागले. दुसरं कडवं आलं आणि धाकट्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. बायकोने तो वरच्या वर धरला. "आज नाही. पूर्ण ऐका."

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. थोरल्यांचा तेव्हाचा आवाज आला, "पाणी मिळेल का जरा?" आणि कुणाची तरी लगबगीची पावलं लांब गेली. ती पावलं धाकट्यांनी ओळखली. पाणी आणायला तेच गेले होते.

मग खुसफुस. ताईचा आवाज, कोवळा: "ऐकलंस? हे कसे गातात! नाहीतर तुझा. पुतळ्यासारखा टेप धरून बसलाय."

आणि मग बायकोचा. "टेबल हलत होतं ना गं. आवाज बिघडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला. सात मिनिटं हलला नाही. खरं सांगू? मी गाणं ऐकलंच नाही. त्याच्या हातांकडेच बघत होते. मला बाई हाच पाहिजे."

पावलं परत जवळ आली. एक तरुण, घाबराघुबरा आवाज म्हणाला, "अरेच्चा, हा चालूच राहिला की!" खट्. संपलं.

गाडी थांबली होती तो सिग्नल कधीच हिरवा झाला होता. मागचे हॉर्न मारत होते. धाकट्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?" ते कसेबसे म्हणाले.

"सांगून काय? म्हणाला असतात, समजूत काढतेस. बारा वर्षं म्हणतेय, पूर्ण ऐका तरी!"

मागे थोरल्यांची दाद थांबली होती. चौकीतही गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. हवालदाराने विचारलं, टेप कुठे मिळाला, आणि खरं उत्तर ऐकून गंभीरपणे लिहिलं, "फिर्यादीच्याच पिशवीतून हस्तगत." एरवी धाकटे त्या शब्दावर आठवडाभर कुढले असते. त्यांनी न वाचताच सही केली.

परत येताना त्यांनी कॅसेट स्वतः मागे फिरवली, आवाज होता तेवढा वाढवला आणि काचा खाली केल्या. कोपऱ्यावर वळतानाच दिसलं, वॉचमनकाका गुडघ्यावर हात टेकून उठतायत. गाडी फाटकात शिरली तेव्हा ते टाचा जुळवून उभे होते. कडक सलाम.

"कमाल आहे," थोरले मागून पुटपुटले. "मला आठवडाभर बसूनच करतायत." मग जरा चिडून म्हणाले, "आणि काय हो, तेच तेच काय लावलंय मघापासून? बंद करा आता!"

धाकट्यांनी गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं, पण टेप चालूच ठेवला.

"अहो," ते म्हणाले, "पूर्ण ऐका तरी."